पाण्याच्या पाइपला शिशाचा डाख नको

मा. संपादक,
स. न.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंकडे सोलरच्या गरम पाण्याची तांब्याची लाइन ठिबकत होती, प्लंबर येऊन जोड मारून गेला आणि मी सहज बघायला गेलो तर ओट्यावर त्याचं सोल्डरचं, म्हणजे डाखाच्या तारेचं, रीळ राहिलेलं, त्यावर स्पष्ट 60/40 छापलेलं. म्हणजे 60 टक्के कथील, 40 टक्के शिसं. ही तार रेडिओ-टीव्हीच्या सर्किटची, पाण्याची नाहीच! आणि काकू रोज सकाळी त्याच नळाचं कोमट पाणी पितात, नातवाच्या दुधाची पावडरसुद्धा त्यातच कालवतात. 20 वर्षं मी पाइपचंच काम करतोय, राहवेना म्हणून लिहितोय.

शिसं पाण्यात हळूहळू उतरतं, गरम पाण्यात आणि रात्रभर पाइपात साचलेल्या पाण्यात जास्त, चव-वास काहीच कळत नाही आणि लहान मुलांच्या मेंदूला ते बाधतं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 10500) लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमच चालतं. अमेरिकेने तर 1986 सालीच पिण्याच्या लाइनला शिशाचा डाख बंद केला.

मिस्त्री म्हणतात बिनशिशाचा डाख धरत नाही. धरतो हो, फक्त 60/40 हा 183 ते 190 डिग्रीला वितळतो आणि कथील-तांबं किंवा कथील-चांदीवाला 220 च्या पुढे, म्हणून गॅसचा टॉर्च जरा जास्त वेळ धरायचा, तोही तारेवर नाही, फिटिंगवर. तांबं तापलं की तार नुसती टेकवा, डाख आपोआप फटीत ओढला जातो. पाइप मात्र आतून कोरडा पाहिजे, थोडं जरी पाणी राहिलं तरी वाफ होऊन जोड फसतो.

फ्लक्सचंही तसंच. कल्हईवाला नवसागर टाकायचा तो कळंक निघून कथील चिकटावं म्हणून, फ्लक्सचं काम तेच. पाण्याच्या लाइनला पाण्यात विरघळणारा प्लंबिंगचा फ्लक्स घ्यावा आणि पाइपच्या टोकाला पातळ हात मारावा, फिटिंगच्या आत थापला तर तो आतच राहून तांबं हिरवं पडतं, पुढे बारीक भोकं पडतात. जोड गार झाल्यावर बाहेरून पुसून लाइनमधून भरपूर पाणी सोडायचं, हे तर कोणी करतच नाही.

काकूंकडचा जोड मी कापून परत केला. त्यासाठी बिनशिशाची तार चौथ्या दुकानात मिळाली, आधीच्या तिन्ही ठिकाणी पाण्याच्या पाइपला हवीय असं सांगूनही 60/40 च पुढे केली. दुकानदारांनी हे कृपया थांबवावं.

— एक पाइप मिस्त्री, सातारा