दुसऱ्या लेखिकेचे नाव कुठे जाते?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात शहराच्या मध्यवस्तीतील एका ग्रंथालयात माझी भाची तिच्या एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक शोधत होती. तिने संगणकावर ‘मून’ असे आडनाव टाकले, तर एकही नोंद निघाली नाही. ‘पवार’ टाकल्याबरोबर पुस्तक निघाले आणि नोंदीत ऊर्मिला पवार हे एकच नाव दिसले. कपाटातून काढलेल्या प्रतीवर मात्र ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून अशी दोन्ही नावे शेजारीशेजारी छापलेली होती. काउंटरवरच्या मुलाचा यात काही दोष नव्हता. ‘मावशी, लेखकाच्या रकान्यात एकच नाव बसतं,’ असे सांगून त्याने पडद्यावरचा तो रकाना मला दाखवलाही.

मी स्वतः ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झाले असल्याने हा दोष केवळ संगणकाचा नाही, हे मला कबूल केले पाहिजे. तालिकापत्रांच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी कार्डांवर लिहिण्याच्या, काळातही दोन किंवा तीन लेखक असलेल्या पुस्तकाची मुख्य नोंद पहिल्या नावाने करावी आणि उरलेल्या प्रत्येक नावाचे वेगळे पत्र लिहून ते वर्णक्रमाने लावावे, असा नियम आम्हाला शिकवलेला होता. पण मार्चअखेरीस अनुदानाची पुस्तके गठ्ठ्यांनी येत, दाखल नोंदवही पुरी करायची घाई असे, आणि दुसऱ्या नावाचे पत्र ‘नंतर लिहू’ म्हणून राहून जाई. असे राहून गेलेले कितीतरी गठ्ठे माझ्याही हातचे आहेत.

पवार आणि मून यांचे १९८९ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा सहभाग नोंदवणारे आहे. जुन्या कागदपत्रांत ज्यांची नावे क्वचितच सापडतात, अशा स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून ते सिद्ध झाले. विस्मरणात गेलेल्या नावांसाठी लिहिलेल्या पुस्तकाच्या एका लेखिकेचे नावच नोंदीतून गळावे, याला काय म्हणावे? २००८ साली वंदना सोनाळकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद निघाला. आज परक्या भाषेतला वाचक ‘मून’ या नावाने पुस्तकापर्यंत पोहोचू शकतो, आणि पेठेतल्या ग्रंथालयातला मराठी वाचक मात्र पोहोचत नाही.

बायकांनी मिळून लिहिलेले पुस्तक म्हणजे पाककृतींचे, फार तर विणकामाचे, अशी एक समजूत आपल्याकडे आहे, पण ती खरी नाही. फाळणीच्या काळातील स्त्रियांवरचा ‘बॉर्डर्स अँड बाउंड्रीज’ हा ग्रंथ रितू मेनन आणि कमला भसीन यांचा आहे, तर एकोणिसाव्या शतकातील लेखिकांविषयीचे ‘द मॅडवुमन इन द अ‍ॅटिक’ हे १९७९ सालचे समीक्षेचे पुस्तक सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबार या दोघींचे. उत्तर प्रदेशातील सीतापूर जिल्ह्यातल्या सात ग्रामीण स्त्री-कार्यकर्त्यांच्या रोजनिशांतून ‘संगतिन यात्रा’ हे पुस्तक उभे राहिले. सोबतच्या लेखिकांची नावे विसरली जाण्याच्या बाबतीत पाककृतींच्या पुस्तकांचेही काही वेगळे नाही. फ्रेंच स्वयंपाकावरील १९६१ सालच्या गाजलेल्या अमेरिकी ग्रंथाच्या लेखिका तीन असताना, टीव्हीवर दिसल्या म्हणून जुलिया चाइल्ड तेवढ्या लोकांच्या लक्षात राहिल्या. सिमोन बेक आणि लुइझेत बर्थोल ही नावे आता मुद्दाम सांगावी लागतात.

याच्या उलट उदाहरण आयर्लंडमधले आहे. एडिथ सॉमरव्हिल आणि व्हायोलेट मार्टिन (टोपणनाव मार्टिन रॉस) या नात्यातल्या बहिणींनी ‘सॉमरव्हिल अँड रॉस’ या जोडनावाने कादंबऱ्या आणि विनोदी कथा लिहिल्या. १९१५ मध्ये मार्टिन वारल्यानंतरही सॉमरव्हिल पुस्तकांवर दोन्ही नावे घालत राहिल्या, कारण बहिणीशी आपला परलोकातूनही संवाद चालू आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या म्हणण्यावर कोणी विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न निराळा. एक भागीदार जिवंत नसतानाही तिचे नाव गाळायला त्या तयार नव्हत्या, एवढे खरे.

‘पण यातले कुणी किती लिहिले?’ असा प्रश्न अशा पुस्तकांबाबत हमखास विचारला जातो, आणि दोन्ही नावे बायकांची असली की जरा जास्तच चवीने विचारला जातो, असा माझा अनुभव आहे. वास्तविक १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील संयुक्त लेखनाची व्याख्याच अशी आहे की, ज्यात एकाचे योगदान दुसऱ्याच्या योगदानापासून वेगळे काढता येत नाही, ते संयुक्त लेखन. त्याच कायद्यानुसार अशा पुस्तकाचा हक्क सर्वांत शेवटी निधन पावणाऱ्या लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे नोंदीतून दुसरे नाव गेले, की उद्या जुन्या पुस्तकांचे स्कॅनिंग करणारी एखादी संस्था पहिल्या लेखिकेच्याच मृत्यूचे साल धरून पुस्तक हक्कमुक्त ठरवू शकते, आणि दुसऱ्या लेखिकेच्या वारसांना त्याचा पत्ताही लागणार नाही. तेव्हा हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही.

आपल्या दैनिकाकडून माझी अपेक्षा माफक आहे. नव्या पुस्तकांची पोच छापताना ‘व इतर’ हे दोन शब्द शक्यतो टाळावेत आणि शीर्षकपृष्ठावर आहेत तितकी नावे त्याच क्रमाने द्यावीत. त्यासाठी फार तर एखादी ओळ जास्त लागेल. ग्रंथालयांनीही संगणकप्रणाली घेताना लेखकाचे रकाने किती आहेत, एवढे आधी विचारून घ्यावे. एकाहून अधिक लेखकांची सोय असलेल्या प्रणाली सहज मिळतात.

भाचीने आपल्या प्रबंधिकेच्या संदर्भसूचीत दोन्ही नावे लिहिली आहेत. त्या ग्रंथालयाला मी लेखी अर्ज दिला असून त्याची पोचही मला मिळाली आहे. रकाना मात्र अजून एकच आहे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल,
सदाशिव पेठ, पुणे