मिरजेच्या काकूंना, तळटिपांबद्दल

काकू, तुम्ही फोनवर म्हणालात की आभारबिभार काही मानू नकोस आणि नाव तर अजिबात लिहू नकोस, म्हणून नाव नाही लिहीत. पण आभार मानणारच, आणि चार लोकांसमोर मानणार. कारण एका अंध मुलीला जुन्या पुस्तकाच्या तळटिपा नीट लावून दिल्या असं सांगितलं की लोक म्हणतात, अरे वा छान, आणि पुढच्या विषयावर जातात. त्यात एवढं काय होतं हे त्यांना कळतच नाही.

माझा पीएचडीचा विषय मराठेशाहीतली पत्रं. ह्या विषयावरच्या जुन्या पुस्तकांत निम्मा जीव तळटिपांतच असतो. वर लेखक काहीतरी ठोकून देतो आणि त्याला आधार काय ते खाली बारीक टायपात असतं. डोळस माणसाची नजर झरकन खाली जाते, परत वर येते, त्याला पत्ताही लागत नाही. मी संगणकावर एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून ऐकते आणि जे प्रकरण नीट घोळवायचंय ते ब्रेलमध्ये छापून घेते. ऐकताना नजर खालीवर करता येत नाही, जे ज्या क्रमाने येईल ते त्याच क्रमाने कानात शिरतं. स्कॅन केलेल्या पुस्तकाचं ओसीआर केलं, म्हणजे फोटोतली अक्षरं मशीनकडून ओळखून घेतली, की पान जसं आहे तसं वरून खाली वाचलं जातं, म्हणजे "भाऊसाहेबांनी दिल्लीहून निघून" एवढं ऐकू येतं आणि लगेच "एक, पद एकवीस, दोन तत्रेव, तीन कित्ता, एकशे बारा, प्रकरण चौथे" आणि मग "कुंजपुऱ्याकडे मोर्चा वळवला". त्यातलं पद म्हणजे मुळात पे. द., पेशवे दप्तर, पण बारीक टायपातली टिंबं आणि मात्रा ओसीआर गिळतं. अशी चारशे पानं ऐकून बघा म्हणावं एकदा.

आणि आकडे! टिपेचा जो छोटा आकडा शब्दाच्या डोक्यावर असतो तो मशीनला छोटा वाटतच नाही, ते त्याला सरळ शेजारच्या सालाला चिकटवतं. १७६१ वर चौथी टीप असली की माझ्या कानात सतरा हजार सहाशे चौदा. ब्रेलमध्ये तर लहान अक्षर मोठं अक्षर ही भानगडच नाही, सगळ्यांना सहा टिंबांचं घर सारखंच, आणि एकदा अंकचिन्ह आलं की पुढचे सलग आकडे सगळे एकाच संख्येचे. बोटाला कसं कळणार की सतराशे एकसष्ट इथे संपलं?

तुमच्याआधी मी कुठे कुठे गेले ते थोडक्यात सांगते, नावं नाही घेत. एका ग्रंथालयाने मोठ्या मनाने पीडीएफ दिली, ती नुसती फोटोंची, एनव्हीडीए गप्प. मग एका संस्थेने फाइल तयार करून देतो म्हणून पैसे घेतले आणि जे दिलं त्यात डाळीतले खडे वेचावेत तशा सगळ्या तळटिपा वेचून फेकून दिलेल्या. विचारलं तर उत्तर आलं, मॅडम ऐकताना डिस्टर्ब होतं ना म्हणून काढल्या, आणि तुम्हाला एवढ्या खोलात कशाला जायचंय. हे "तुम्हाला" मी लहानपणापासून ऐकत आलेय, त्यामुळे त्याचा अर्थ मला बरोबर कळतो. उद्या व्हायव्हाला संदर्भ विचारला तर काय सांगू, डिस्टर्ब होत होता म्हणून काढलाय? हीच मंडळी दर ४ जानेवारीला लुई ब्रेलच्या फोटोला हार घालतात, शाल श्रीफळ होतं, पांढऱ्या काठ्या वाटतात, पेपरात फोटो येतो. (तो फोटो आम्हाला दिसत नाही हे एक बरंय.)

बरं, कायद्याची अडचण म्हणावी तर तीही नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, आमच्यासारख्यांसाठी पुस्तकाची वाचता येईल अशी प्रत करायला मोकळीक मिळाली. मग अशाच प्रतींसाठीचा २०१३ चा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार, त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश आपला भारत, २०१४ मध्ये. पहिला नंबर आपला! पण पानापानावर बसून कुठला आकडा सालाचा आणि कुठला टिपेचा हे बघायला कायदा येत नाही, त्याला माणूसच लागतो.

तर तो माणूस तुम्ही. पुस्तक हातात घ्यायच्या आधी तुम्ही फोन करून विचारलंत, "अगं, तू वाचतेस कशी ते मला आधी सांग, मग मी ठरवते." मग टिपा पानाच्या तळातून उचलून परिच्छेद संपल्यावर घेतल्यात, प्रत्येकीच्या सुरुवातीला नंबर आणि शेवटी "टीप संपली". बाकी कसं कसं केलंत ते इथे सांगत बसत नाही, तुम्हालाच कंटाळा येईल. नुसतं तत्रैव, म्हणजे 'वरच्याच पुस्तकात', एवढंच आलं की आम्हाला मागे जाऊन शोधायला किती त्रास होतो हे मी सहज बोलून गेले होते, तर तुम्ही तत्रैव तसंच ठेवून पुढे कंसात कुठल्या पुस्तकाबद्दल आहे तेही लिहिलंत, आणि हे मी घातलंय, मूळ लेखकाचं नाही, असं फाइलच्या सुरुवातीला स्वच्छ सांगितलंत. जिथे छपाई पुसट होती तिथे अंदाजाने काही ठोकून दिलं नाहीत, "इथली दोन अक्षरं लागत नाहीत" असं लिहिलंत.

पण हे पत्र मी ह्या सगळ्यासाठी लिहीत नाहीये, पेन्सिलसाठी लिहितेय.

तिसऱ्या प्रकरणात हुंडीबद्दलचं एक साधं पत्र आहे, माघ शके १६८२ चं. तळटिपेत लेखकाने इसवी तारीख दिलीय, फेब्रुवारी १७६०. ती टीप मी ऐकली, टीप संपली आलं, आणि त्याच्या खाली तुम्ही लिहिलेलं होतं: "ह्या टिपेच्या शेजारी समासात कुणीतरी पेन्सिलने लिहिलंय, माघ आहे, ७९ मिळवा! अक्षर जुन्या वळणाचं आहे, उद्गारचिन्ह रागाने दाबून काढलेलं दिसतंय."

काकू, मी तिथेच थांबले आणि हसायलाच लागले, आणि मग रडले. आईला वाटलं काय झालं हिला.

कारण तो पेन्सिलवाला बरोबर होता! शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे आपण शाळेत शिकतो, पण ते डिसेंबरपर्यंतच. एकदा १ जानेवारी उलटली की पौषाचे उरलेले दिवस, माघ आणि फाल्गुन, ह्यांना ७९ मिळवावे लागतात. पानिपत शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीला झालं, ७८ मिळवलेत तर १७६० येईल, आणि १४ जानेवारी १७६१ ही तारीख तर पोरासोरांना पाठ आहे. म्हणजे हुंडीचं हे पत्र पानिपतच्या नंतरचं, आणि लेखकाने त्याला वर्षभर आधी नेऊन बसवलंय. पत्रातला पैशाचा तगादा एकदम वेगळाच वाटायला लागतो मग. माझ्या प्रबंधात आता ह्यावर दीड पान आहे.

पण समजा तो पेन्सिलवाला साफ चुकलेला असता तरी मला तेवढंच भरून आलं असतं. आजवर मी इतकी पुस्तकं वाचली, पण माझ्याआधी ते पुस्तक कुणीतरी वाचलंय, त्यात भांडलंय, चिडून समासात लिहिलंय, हे मला कधी कळलंच नव्हतं. तुम्हा डोळस लोकांना ग्रंथालयातल्या पुस्तकात हे फुकट मिळतं, अधोरेखित केलेल्या ओळी, कुणाची सही, चहाचे डाग. आमच्याकडे येतं ते धुऊनपुसून कोरं. ते मजकुरात नाही, कुणी मागितलंही नव्हतं, सोडून दिलं असतंत तर मला जन्मात कळलं नसतं, आणि तुम्ही तरी टाइप केलंत. काय लागेल आणि काय नाही हे माझ्या वतीने ठरवायला माझ्या आयुष्यात भरपूर लोक तयार असतात. तुम्ही सगळं समोर ठेवलंत आणि म्हणालात की आता तुझं तू बघ.

चांगली माणसं असतात हो. आमच्या सोलापूरच्या सिटी बसमध्ये एक कंडक्टर आहेत, मी चढले की माझा हात धरून बसवत वगैरे नाहीत, फक्त प्रत्येक स्टॉपचं नाव मोठ्याने म्हणतात, सगळ्या बससाठी. भाषण नाही, उपकार नाही. मला वाटतं तुम्ही आणि ते एकाच जातकुळीतले. ज्याला नुसती कणव येते तो आधी स्वतःची सोय बघतो असा माझा अनुभव आहे, आणि हे लिहिल्याबद्दल कुणाला राग आला तर येऊ दे.

आता एक तक्रार. तुमच्या मुलाने मला सांगितलंय की तुम्ही हे सगळं भिंग लावून टाइप केलंत आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन पुस्तक होईपर्यंत पुढे ढकललंत. दुसरा खंड मी तुम्हाला अजिबात पाठवणार नाहीये, डॉक्टरांची तारीख कळवल्याशिवाय. ऑपरेशन झालं की थेंब वेळेवर घाला, महिनाभर स्क्रीनसमोर बसू नका, ऐकायला काही हवं असेल तर मला सांगा, माझ्याकडे खूप आहे. आणि हो, दुसऱ्या खंडात पेन्सिलवाला परत भेटला तर त्याचं एकही अक्षर सोडू नका.