मशीन आहे, नर्सला राहायला घर नाही

मा. मलर्नदिरी मॅकार्थी,
मंत्री, इंडिजिनस ऑस्ट्रेलियन्स, कॅनबेरा

मॅडम, नमस्कार.

हेच पत्र इंग्रजीतून तुमच्या ऑफिसला पाठवलंय. मराठीत इथे टाकतेय कारण मेलबर्न सिडनीची आपली बरीच माणसंही इथली मतदार आहेत आणि ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी ॲलिस स्प्रिंग्जच्या पलीकडे लोक कसे जगतात हे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

मी डायलिसिस नर्स, ॲलिसला असते, मधून मधून लांबच्या कम्युनिटीत, म्हणजे मूळनिवासींच्या वस्तीत, ड्युटी लागते. किंटोर या कम्युनिटीचं तुम्हाला माहितीच आहे पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. ॲलिसपासून पश्चिमेला साधारण ५३० किमी, बराचसा रस्ता कच्चा. तिथले मूळनिवासी पिंटुपी लोक १९८१ मध्ये पापुन्याची वसाहत सोडून तिथे आपल्या मुलखात परतले. मग किडनी निकामी झाली की पुन्हा शहर गाठायचं, कारण डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-पाच तास, आणि मशीन ॲलिसला. गेलेलं माणूस सहसा परत यायचं नाही. शेवटी २००० साली किंटोर आणि किविरकुरा या कम्युनिटींतल्या चित्रकारांनी चित्रं काढली, सिडनीच्या आर्ट गॅलरीत लिलाव झाला, दहा लाख डॉलरच्या वर जमले आणि त्यातून पर्पल हाऊस ही डायलिसिस देणारी संस्था उभी राहिली, २००४ मध्ये किंटोरला डायलिसिस सुरू झालं. सरकारने नाही, वयस्कर माणसांनी चित्रं विकून सुरू केलं! आजही हे कोणाला सांगताना मला भरून येतं. २०१८ पासून मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) अशा ठिकाणच्या डायलिसिसचे पैसे देतं, त्याबद्दल मनापासून आभार.

कम्युनिटीत डायलिसिस चालू असतं तेव्हा एकदा येऊन बघा. शाळा सुटली की नातवंडं खुर्चीला येऊन चिकटतात, बाहेर जाळावर कांगारूची शेपटी भाजत असते, आंटी नळ्या लावलेल्या अवस्थेत तिथूनच पोरांना दटावते. तीच आंटी ॲलिसमध्ये डोक्यावरून ब्लँकेट ओढून गप्प पडलेली असते. सेशन संपल्यावर जायचं कुठे? हॉस्टेल फुल, टाउन कॅम्पमधल्या (शहरातल्या मूळनिवासी वस्तीतल्या) भावाच्या घरात आधीच दहा-बारा जण झोपलेले. गावाकडे कोणी वारलं की सॉरी बिझनेसला, म्हणजे त्यांच्या दुखवट्याच्या विधींना, जावंच लागतं, मग दोन सेशन चुकतात, पोटॅशियम वाढतं आणि ती रात्री इमर्जन्सीत येते, फाईलवर मात्र एवढंच लिहिलं जातं की पेशंट आला नाही. जाऊ नको असं मी तिला कोणत्या तोंडाने सांगू?

आता मूळ मुद्दा. मशीन कमी आहेत असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे, पण मी एका ठिकाणी चांगलं मशीन झाकून ठेवलेलं पाहिलंय, खोली तयार, पाण्याचा आरओ तयार, पेशंट मात्र ॲलिसला, का तर नर्सला राहायला क्वार्टर नाही. मेडिकेअर पैसे देतं ते सेशनचे. घर नाही म्हणून नर्स नाही, नर्स नाही म्हणून सेशन नाही, सेशन नाही म्हणून पैसेही नाहीत, आणि घर बांधायची जबाबदारी कोणाची हे नॉर्दर्न टेरिटरीचं सरकार आणि कॅनबेराचं केंद्र सरकार एकमेकांवर ढकलत राहतात. घरीच मशीन द्या म्हणणारे पण भेटतात, पण त्या घरांत वीज प्रीपेड कार्डावर चालते हो, बॅलन्स संपला की दिवे जातात, तिथे चार तास रक्त मशीनमधून फिरवायचं कसं?

२०२४ मध्ये तुमच्या सरकारने टेरिटरीबरोबर दहा वर्षांत ४०० कोटी डॉलरचं घरांचं पॅकेज जाहीर केलं, वर्षाला २७० पर्यंत घरं. त्यातलं एकही मी नर्ससाठी मागत नाहीये, ती त्या कुटुंबांच्या हक्काची आहेत, खूप आधीच मिळायला हवी होती. नर्सच्या क्वार्टर्सना वेगळे पैसे द्या. नवीन डायलिसिस युनिट मंजूर करताना निदान दोन नर्सची राहायची सोय आणि त्या घरांची देखभाल त्याच मंजुरीत धरा (एकटीला तिथे ठेवणं धोक्याचं आहे) आणि आज कुठल्या कुठल्या कम्युनिटीत मशीन असून घराअभावी बंद आहे त्याची यादी जाहीर करा.

तुम्ही स्वतः मूळनिवासी यान्युवा समाजाच्या, टेरिटरीतल्या बोरोलूला गावच्या, मंत्री व्हायच्या आधी इंडिजिनस हेल्थचं कामही पाहिलंय, म्हणून थेट तुम्हालाच लिहितेय. येत्या बजेटच्या आधी उत्तर द्यावं ही विनंती.

आपली,
एक डायलिसिस नर्स, ॲलिस स्प्रिंग्ज