धम्मगिरीवरच्या सहायक आचार्यांना

आदरणीय आचार्यजी,
सविनय नमस्कार.

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात ही साधना शिकवणाऱ्या सत्यनारायण गोयंका गुरुजींच्या ध्वनिमुद्रित सूचना सगळ्यांना सारख्याच मिळतात. एकेकाची अडचण मात्र दुपारी 12 ते 1 या वेळात तुम्ही ऐकता, तेही कसलंच मानधन न घेता. चिंतेने पोखरलेल्या माणसाला त्या पाच-दहा मिनिटांचा केवढा आधार असतो, हे आम्ही जुने साधक जाणतो. त्यासाठी हे पत्र.

पहिले तीन दिवस आनापान. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर लक्ष ठेवून येणारा-जाणारा श्वास जाणायचा. धास्तावलेला माणूस नेमका इथेच अडतो. श्वास पाहायला सांगितला, की तो मोठमोठे श्वास भरभर घेऊ लागतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. मग ध्यानानेच काहीतरी बिघडलं या भीतीने छाती आणखी धडधडते. अशा वेळी तुम्ही त्याला शांतपणे पुन्हा नैसर्गिक श्वासावर आणता: उथळ असेल तर उथळ, अडखळत असेल तर अडखळत.

चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभर क्रमाने लक्ष फिरवत संवेदना पाहणं, सुरू झाली, की धडधड का होते हे उकरत बसायचं नसतं. ती कुठे जाणवते, घट्ट आहे की गरम, कमी-जास्त होते का, एवढं पाहायचं आणि पुढच्या अवयवाकडे सरकायचं. घबराट आवरेनाशी झाली तर थोडा वेळ लक्ष तळहातांवर, तळपायांवर न्यायचं किंवा आनापानावर परतायचं. हे वेळीच सांगणारं माणूस समोर असलं, की साधक शिबिर सोडून जात नाही.

सर्वांत मोठे आभार आणखी एका गोष्टीचे. ‘इतकं बसलो तरी चिंता जात नाही,’ असं कुणी म्हटलं, की ती आली तेव्हा समता, म्हणजे मनाचा तोल, किती टिकली, असं तुम्ही विचारता. चिंता घालवायलाच बसलेला माणूस दर मिनिटाला ती गेली का हे तपासतो, आणि त्या तपासण्यानेच ती ताजी राहते.

मानसिक आजार अर्जात लपवू नका, डॉक्टरांच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, हेही तुम्ही स्पष्ट सांगता. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायचं. रात्री झोप आली नाही तर कूस बदलत घड्याळ पाहण्याऐवजी डोळे मिटून, पडल्या पडल्या संवेदना पाहायच्या. कित्येक घरांत आज हे चालू आहे, ते तुमच्यामुळे.

आपले कृतज्ञ,
जुने साधक