नाशिकच्या काकांना, बाबांच्या डब्यासाठी

ती. काकांना,
सा. नमस्कार.

बाबांच्या जुन्या नाण्यांपायी मी फसत होते, तुम्ही वाचवलंत, आणि फोनवर मला आभार मानूच दिले नाहीत. दिवाळीत फराळ पाठवते म्हटलं तर पत्ता दिला नाहीत. "मला काही नको, चार जणांना सांग," एवढंच म्हणालात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव यात येणार नाही, तसा शब्द मी तुम्हाला दिला आहे.

आमचे बाबा एसटीत कंडक्टर होते. दिवसभराच्या सुट्ट्या पैशांत एखादं वेगळं नाणं आलं की त्या बदल्यात स्वतःच्या खिशातले पैसे पिशवीत टाकायचे आणि ते नाणं घरी आणायचे. हिशेब चोख आणि छंदही पुरा. १९६९ सालचे गांधीजींचे पिवळे वीस पैसे, कमळाचे वीस पैसे, एशियाडची नाणी, सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. त्याच डब्यात आजीचे दहा चांदीचे रुपये होते, लक्ष्मीपूजनाला बाहेर निघायचे. बाबा गेल्यावर वर्षभर डबा उघडला नाही. मग घराच्या दुरुस्तीला पैसे कमी पडले, आणि मी तो ऑनलाइन लिलावात मांडायला काढला. चांदीचे दहा रुपये एकत्र मांडले, आणि वैष्णोदेवीचं २०१२ सालचं पाच रुपयांचं नाणं वेगळं, कारण त्याला लाखो मिळतात असं एका व्हिडिओत पाहिलं होतं. खाली माझा नंबरही दिला.

दुसऱ्याच दिवशी एका माणसाचा फोन आला. त्या पाच रुपयांच्या नाण्याचे साडेतीन लाख देतो म्हणाला. बोलणं अगदी अदबीचं. पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर रिझर्व्ह बँकेच्या बोधचिन्हाचं पत्र आलं, खाली शिक्का आणि सही. नोंदणीचे ९५० रुपये मागितले, ते मी पाठवले. मग जीएसटीचे ६,५००, रकमेबरोबर परत मिळणार म्हणून, तेही पाठवले. मग ना हरकत दाखल्याचे १८,५००, आणि तेही संध्याकाळी पाचच्या आत. मी बांगडी गहाण ठेवायला निघाले होते, काका. पायात चप्पल घातलेली होती.

तेवढ्यात तुमचा मेसेज आला. चांदीच्या दहा रुपयांच्या त्या लिलावात सर्वांत वरची बोली तुमचीच होती. लिहिलं होतंत, "ताई, हा लिलाव मागे घ्या. वरून तिसरं नाणं १९११ चं आहे. ते या ढिगात विकू नका, वेगळं काढा." त्या मेसेजचा अर्थ मला तेव्हा कळलाच नाही. आज कळतो. गप्प बसला असतात तर तो दुर्मिळ रुपया नुसत्या चांदीच्या भावात तुमच्या घरी आला असता, आणि मला जन्मात कळलं नसतं.

धन्यवाद म्हणायला मी फोन केला आणि भाबडेपणानं सांगून टाकलं, की आता रुपये विकायची गरजच नाही, साडेतीन लाख येतायत. तुम्ही थोडा वेळ काहीच बोलला नाहीत. मग विचारलंत, "पैसे तुम्हाला मिळायचेत ना? मग देताय का तुम्ही?"

मी जिन्यातच खाली बसले.

तुम्ही रागावला नाहीत. शिकलेल्या मुली अशा कशा फसतात, हे वाक्य मी त्या आठवड्यात घरात आणि बाहेर खूपदा ऐकलं, तुमच्या तोंडून एकदाही नाही. "आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन करा, रडायला रात्र पडलीय," असं म्हणालात. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम कागदावर लिहून घ्यायला लावलीत, मग बँकेला कळवायला सांगितलंत, आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवून होईपर्यंत तीन वेळा फोन करून विचारलंत. दुसरी रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवली गेली. कोर्टाचा आदेश होऊन ती हातात यायला महिने गेले, पण ६,५०० आले. ९५० गेले ते गेलेच. तासाभराचा उशीर झाला असता तर काय, हा विचार अजूनही नकोसा वाटतो.

नंतर तुम्ही सांगितलंत, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला काही संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. ते पाच रुपयांचं नाणं तर अजून बाजारात चालतं, पाच रुपयांनाच. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. हे मी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात सांगून आले आहे.

आभार खरे मानायचे आहेत ते पुढच्या रविवारांचे. तुम्ही मला नाणं बघायला शिकवलंत, तेही व्हिडिओ कॉलवर. सोनाराच्या दुकानातला असतो तसा छोटा काटा मागवायला लावलात. राणीछाप असो की राजाचा, जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, झिजला असेल तर थोडा कमी. एकेक रुपया काट्यावर ठेवत गेले आणि तुम्ही पलीकडे आकडे लिहून घेत होता. नऊ रुपये बरोबर भरले. दहावा ९.८. "कड दाखव," म्हणालात. कडेवरच्या बारीक दातऱ्यांमधून एक रेघ सगळीकडे गोल फिरली होती. दोन साच्यांचा सांधा, म्हणजे नाणं ठोकून पाडलेलं नाही, ओतलेलं. मग बोटाच्या टोकावर खरा रुपया तोलून दुसऱ्यानं हळूच वाजवायला सांगितलंत. तो कितीतरी वेळ गुंजत राहिला. खोटा नुसता टक् वाजला. रुपया वाजवून घ्यावा असं आजी म्हणायची, ते मी त्या दिवशी प्रथम कानानं ऐकलं.

तो खोटा रुपया आजीचा नव्हताच, बाबांनी जत्रेत घेतला होता, आजीच्या नवात भर म्हणून. मला फार वाईट वाटलं. तुम्ही म्हणालात, "तो विकायचा नाही, आणि टाकायचाही नाही. बाबांचा आहे." तो डब्यातच आहे.

दोन रुपये मी फोटोत चमकावेत म्हणून चिंच-मीठ लावून घासले होते. ते ऐकून तुम्ही कळवळलात. वर्षानुवर्षांची झाक गेली की नाण्याची किंमतही जाते. पण ते लपवू नकोस, लिलावात स्पष्ट लिही, असंही सांगितलंत. मी लिहिलं, "घासलेले आहेत." पैसे थोडे कमी आले. घेणाऱ्यानं मात्र नंतर आणखी दोन नाणी माझ्याकडूनच घेतली.

विकण्याच्या नादात मला घेण्याचाही नाद लागला, हे तुम्हाला माहीत आहे. एका शिवराईवर, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यावर, मी बोली लावत होते, समोर "श्री राजा शिव", मागे "छत्र पति". बोली लावण्याआधी शेवटचा आकडा कागदावर लिहायचा, ही तुमची शिकवण. मी ६०० लिहिले होते. दोन खाती एकमेकांवर चढत होती, आणि त्या विक्रेत्याच्या जुन्या प्रत्येक लिलावातही तीच दोन, म्हणजे भाव फुगवण्याचाच डाव. विक्रेत्यानं लिहिलं होतं, शेतात नांगरताना सापडली. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "खरंच जमिनीत सापडली असेल तर १८७८ च्या कायद्यानं आधी कलेक्टरला कळवायला हवं होतं. आणि सापडली नसेल तर माणूस खोटं बोलतोय. दोन्हीकडून घेऊ नको, पोरी." ६०० च्या वर गेल्यावर मी फोन बाजूला ठेवला आणि कणीक मळायला घेतली. हात थरथरत नव्हते.

आता पाठवायचं पाकीट मी कॅमेऱ्यासमोर बंद करते, आलेलं कॅमेऱ्यासमोरच उघडते. लिलावाबाहेर या, फोनवर जमवू, थोडं स्वस्त देतो, असं कोणी म्हटलं की तिथेच बोलणं थांबवते.

घराची दुरुस्ती झाली. चांदीचे आठ रुपये गेले, योग्य भावानं, योग्य हातात. १९११ चा ठेवला आहे. त्यावरच्या राजाच्या, पाचव्या जॉर्जच्या, झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि पुढच्या वर्षी तो बदलावा लागला, ही गोष्ट तुम्हीच सांगितलीत. भिंगातून पाहते तेव्हा मलाही कधी हत्ती वाटतो, कधी नाही. फोटोत ते नीट येत नाही, काका. कराडला या आणि हातात घेऊन बघा.

आपली,
कंडक्टरची मुलगी
कराड