प्लॉट पाडण्याआधी उद्योजकांनी एकत्र बसावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगावजवळ येळ्ळूर रस्त्याला आमची सव्वा एकर भातशेती आहे. यंदा धूळवाफ पेरणीला गेलो, तर शेजारच्या शेतात बांध सपाट करून चुन्याच्या रेघा मारलेल्या. तीस बाय चाळीस फुटांचे प्लॉट. रस्त्यासाठी मुरूम पसरला होता आणि आमचे पाणी उतरून जायची चारी त्याखाली गाडली गेली होती. आषाढात निम्म्या शेतात आठ दिवस पाणी तुंबले आणि भात कुजले. तक्रार कुणाकडे करायची? प्लॉट पाडणारा पैसे घेऊन मोकळा झाला आहे.

वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या या शिवारात पावसावर बासमती होतो आणि भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा. वरून एक घागर पाणी घालावे लागत नाही. अशी जमीन एकदा मुरमाखाली गेली की पैसा ओतूनही परत मिळत नाही.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पंचवीस वर्षे लेथवर काम केले आहे. त्यामुळे कारखाने नकोत असे माझ्या तोंडून कधी निघणार नाही. मुलांची शिक्षणे त्यावरच झाली. माझ्या शेजारच्या मशीनवरचा मुलगा चंदगड तालुक्यातून मोटरसायकलवर ये-जा करायचा. दुसरी पाळी सुटली की मध्यरात्री, पावसात, घाटवळणाने घर गाठायचे. शहरात खोली घ्यावी तर पगाराचा मोठा वाटा भाड्यात. शेवटी त्यानेही हप्त्याने प्लॉट घेतला. कुठे? आमच्याच शिवारात, कारण एनए (बिगरशेती) न झालेला प्लॉट स्वस्त. आता बँक कर्ज देत नाही, गटार नाही, पावसाळ्यात दारात गुडघाभर पाणी. नडला तोही आणि आम्हीही.

त्यात २०२० साली कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यातून ७९ अ आणि ७९ ब ही कलमे काढली गेली. शेतकरी नसलेल्यालाही आता शेतजमीन घेता येते. पलीकडे महाराष्ट्रात अजून तशी मोकळीक नाही. दर लावणारा कुठे वळणार हे सांगायला नको.

म्हणून माझी विनंती सरकारआधी उद्योजकांना आहे. बेळगावची फौंड्री (धातूचे ओतकाम) आणि हायड्रॉलिक्स, कोल्हापूरकडची शिरोली, गोकुळ शिरगाव, चंदगडची शिनोळी, इकडे हत्तरगीचे विमानांचे सुटे भाग, या सगळ्यांचा पट्टा एकच आहे. बेळगावच्या कित्येकांचे शेड शिनोळीत आहेत. कास्टिंग एकीकडे ओतले जाते, मशिनिंग दुसरीकडे होते आणि कामगार रोज सीमा ओलांडतो. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याबाबत माझे मत इथल्या कुठल्याही मराठी माणसाचे असते तेच आहे. पण त्याचा निकाल लागेपर्यंत दोन्हीकडच्या उद्योजक संघटनांनी एका टेबलावर बसू नये, असे कुणी सांगितले आहे?

दोन्हीकडच्या औद्योगिक वसाहतींत घेऊन ठेवलेले, गवत वाढलेले प्लॉट किती आहेत ते त्यांनी मिळून मोजावे. ते भरेपर्यंत नव्या सुपीक जमिनीची मागणी करू नये. कामगारांसाठी मुरमाड माळावर भाड्याच्या चाळी उभ्या कराव्यात, जमिनीचा खर्च वाटून घ्यावा आणि पाळीच्या वेळेला बस सोडावी. एकट्या लहान फौंड्रीवाल्याला हे झेपणार नाही, पन्नास जणांना झेपेल.

अजून एक सांगतो. फौंड्रीत साच्यांसाठी वापरून झालेली जळकी वाळू टाकायला जागा नाही म्हणून ट्रॉल्या भरून कुठेही ओतली जाते, मी ती नाल्याकाठी ओतताना पाहिली आहे. आणि खानापूर भागात विटांसाठी भाताच्या शेतातली वरची माती उचलली जाते. ही वाळू तपासून, सिमेंटमध्ये मिसळून तिचे पेव्हर आणि विटा करता येतात. हेच काम सगळ्यांनी मिळून एका ठिकाणी केले, तर त्या चाळींच्या भिंतींसाठी शेत खरवडावे लागणार नाही.

या बैठकीला शेतजमिनीतून जाणाऱ्या हलगा-मच्छे बायपास रस्त्याला विरोध करणारे शेतकरीही बोलवावेत. शिवाराचे कुठले पाणी कुठून उतरते, हे नकाशावर दिसत नाही. त्यांना ते माहीत आहे.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव