माळावरच्या अळंब्यांची वही

दहिवडी, ता. माण
22 सप्टेंबर

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. "यंदा किती जाती सापडल्या?" असं तू विचारलंस आणि दोन दिवस मी त्याचं उत्तरच जुळवतोय. वहीत 63 नोंदी आहेत. छातीठोकपणे नाव लिहावं अशा पाचसुद्धा नाहीत. तरी गेल्या वर्षीपेक्षा यंदाचं काम कितीतरी चांगलं झालंय, आणि ते कसं हे तुलाच सांगायचंय.

गेल्या वर्षी फोटोला फोटो ताडून मी धडाधड नावं लिहिली. नमुने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, संध्याकाळपर्यंत त्यांचा चिखल झाला. आता त्या नोंदी वाचतो तेव्हा एकही नाव सिद्ध करता येत नाही. पावसाळा हातचा गेला, याचं फार वाईट वाटलं.

म्हणून यंदा पूर्वा नक्षत्रात पाऊस लागला तसा गायरानातला एकच पट्टा ठरवला. पाझर तलावाच्या बांधापासून जुन्या बाभळीपर्यंत, दोनशे पावलं. दर तिसऱ्या दिवशी तोच पट्टा, त्याच वेळी. काही दिसलं नाही तर "काही नाही" असंही लिहायचं. अशाही काही नोंदी आहेत, आणि पाऊस पडल्यावर किती दिवसांनी माळ जागा होतो हे मला त्यांच्यामुळेच कळायला लागलंय. बहुतेक अळंबी दोन दिवसांत वर येऊन विरून जाते. आपण नेमके त्या दिवशी तिथे नसलो, तर ती उगवलीच नव्हती असं म्हणायला आपण मोकळे.

उत्तरा लागल्यावर एका वारुळावर पोडॅक्सिस नावाची अळंबी मिळाली. वीतभर उंच, लाकडासारखा कडक देठ, वर लांबट अंड्यासारखी टोपी आणि तिच्यावर सुटलेले खवले. ही छत्री उघडतच नाही. वाळली की टोपीची कातडी खालून फाटते आणि आतली काळपट भुकटी वाऱ्यावर जाते. पेरणीचं सगळं काम वाऱ्याचं. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने 1771 मध्ये हिचं वर्णन केलं तेव्हा हिला भुईफोडांच्या लायकोपर्डॉन या गटात बसवलं होतं. आज ती बटण मशरूमच्या कुळात मोडते. एवढा मोठा माणूस रूपावरून फसला, तर फोटोवरून मी काय ओळखणार?

त्याच वारुळाच्या पायथ्याला चार दिवसांनी चिंचोक्याएवढ्या पांढऱ्या छत्र्यांचा सडा पडला. ही वाळवीनेच जोपासलेली बुरशी, टर्मिटोमायसिस. वाळवी वाळलेलं गवत आत नेते, त्याच्यावर वारुळात बुरशीची बाग वाढवते आणि तीच खाते. पावसानंतर त्या बागेचे तुकडे ती बाहेर आणून टाकते, आणि छत्र्या त्यांच्यावर उगवतात. मोठ्या जातींचं तसं नसतं. त्यांचं लांबलचक मूळ थेट आतल्या बागेपर्यंत गेलेलं असतं. म्हणून उपटायची नाही. खुरप्याने बाजूने उकरत जायचं, नाहीतर ओळखीची अर्धी खूण मातीतच राहते.

आता एक काळजीची गोष्ट. वस्तीवरच्या एका घरात मोठ्या पांढऱ्या छत्र्यांची भाजी केली आणि रात्रभर सगळ्यांना उलट्या झाल्या. सुदैवाने सगळे सावरले. सकाळी मी त्या जागेवर गेलो. गवतात छत्र्यांचं गोल रिंगण होतं. एक टोपी आणली, देठ कापला, अर्ध्या काळ्या आणि अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली, वर स्टीलची वाटी झाकली. टोपीखालच्या पात्यांतून झडलेल्या भुकटीचा ठसा असा कागदावर उमटतो, आणि त्याच्या रंगावरून ओळख पटते. दुसऱ्या दिवशी वाटी उचलली तर पांढऱ्या बाजूवर चाकाच्या आऱ्यांसारखा मळकट हिरवा ठसा! विलास, मी किती वेळ तो बघत बसलो असेन. ही विषारी अळंबी, क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. तिची पाती कोवळेपणी पांढरीच असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ठशाचा तो कागद मी वस्तीवर घरोघर दाखवून आलो.

मेंढरं राखणारे आबा अधूनमधून माझ्याबरोबर येतात. "मेंढरं जिथं बसत्यात तिथं निराळ्या छत्र्या, वारुळाला निराळ्या," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. वहीतला 'कशावर उगवली' हा रकाना त्यांच्यामुळे आला. लेंड्या, शेण, वारूळ, नुसती माती, कुसळीचं बुड. आता मी हा रकाना नावाच्या आधी भरतो.

कागदोपत्री हा माळ 'पडीक' आहे. गेल्या उन्हाळ्यात वरच्या अंगाला झाडं लावायला खड्डे घेतले, त्यात दोन वारुळं फुटली. यंदा तिथे एकही छत्री दिसली नाही. एका वर्षावरून काही म्हणता येत नाही, हे मला समजतं. पण गवताच्या माळाला पडीक म्हणून खणत सुटायचं, हे मला पटत नाही. उद्या कोणी विचारलं की इथे होतं काय, तर वही पुढे करता यावी, एवढी धडपड आहे.

तुझ्याकडे एक काम आहे. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचं बुरशींचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह, आहे. तिथे जाऊन विचार, वाळवलेले नमुने कसे बांधून द्यायचे आणि सोबत काय काय लिहून लागतं. माझ्याकडे 41 पुड्या तयार आहेत, प्रत्येकीवर तारीख, जागा आणि ठशाचा रंग. मंद आचेवर कडकडीत वाळवल्यात, पण दमट हवेत पुन्हा मऊ पडतील अशी भीती वाटते.

आणि हस्त संपायच्या आत एकदा ये. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघालास तर रविवारी पहाटे पट्टा चालू. येताना बटरपेपर आण, इथे मिळत नाही. वहिनींना नमस्कार, चिमणीला आशीर्वाद.

तुझा,
सदा